घोड्याचे गुडघे

दुखण्याच्या गोळ्या खाऊन खाऊन पोटात रक्तस्राव झाला, तशा डॉक्टरांनी मामबेतअलीच्या गोळ्या बंद केल्या. बायकोनं तर नारिनमधल्या एकूण एक औषधवाल्याला दम भरला. झिजलेले गुडघे मात्र कुणाचं ऐकेनात. शेवटी म्हातारा घोड्यावर बसला आणि थेट जनावरांच्या डॉक्टरकडे, जुमाकादिरकडे गेला.

"घोड्याचे गुडघे धरलेत रे. सकाळी उठवत नाही बिचाऱ्याला, उतारावर तर जीव जातो. दे चार जालीम गोळ्या!"

जुमाकादिरनं खिडकीबाहेर पाहिलं. घोडा दाव्याला हिसके देत थयथय नाचत होता.



"गोळ्या नकोत, बाबा. त्याला म्हणावं, मलम चोळ, पोट कमी कर आणि नमाज खुर्चीवर बसून पढ."