अस्वल कुणालाच हसवत नाही

“प्राणिपात्रे असलेले जुने विनोदी कार्टूनपट आजच्या बालकांना हसवत नाहीत, हे शास्त्रीय पाहणीतून निर्विवाद सिद्ध झाले आहे.” बालचित्र मंडळाच्या ठरावाचे हे पहिले वाक्य. दुसरे आणखी सुटसुटीत होते : तळघरातली रिळे भंगारात काढावीत आणि त्या जागी मंडळाच्या नव्या बोधपटांसाठी दालन उभारावे.

प्राध्यापकबाईंनी ‘निर्विवाद’ या शब्दाखाली रेघ ओढली. आयुष्यभर हास्याचे शास्त्र शिकवल्यामुळे त्यांना एवढे ठाऊक होते, की हा शब्द माणसे सत्य सापडल्यावर वापरत नाहीत. वाद घालणारा खोलीबाहेर गेल्यावर वापरतात. दुर्दैवाने बाई अजून खोलीतच होत्या. रिळे नष्ट करायला प्रत्येक सदस्याची सही लागे, आणि बाकीच्यांनी आपापल्या सह्या चहा यायच्या आतच उरकल्या होत्या.

टेबलाच्या टोकाला मास्तर बसले होते. रिळांतले अस्वल आणि खार त्यांचीच. एकेक चित्र हाताने काढलेले, आणि दुसरी प्रत कुठेही नाही. त्यांना मताचा अधिकार नव्हता. सौजन्य म्हणून बोलावले होते, घर पाडताना मालकाला बसायला खुर्ची देतात तसे.

“आजोबा, वाईट वाटून घेऊ नका,” मंडळाचे संचालक म्हणाले. “तुमच्या काळात ठीक होतं हो. पण अस्वल खारीच्या मागे धावतं, कड्यावरून पडतं, पापडासारखं सपाट होतं, परत उठतं. यातून मुलांनी शिकायचं काय?”

“काही नाही,” मास्तर म्हणाले. “शाळेतून सुटून आलेली असतात हो बिचारी.”

एक सदस्य हसला आणि संचालकांकडे पाहून खोकला.

“आणि ते नुसतं पडत नाही,” मास्तर पुढे सरसावले. “पडायच्या आधी आपल्याकडे बघतं. ‘बघताय ना माझी शोभा?’ असं. ती नजर जमायला मला अख्खा उन्हाळा लागला.”

“एका नजरेला उन्हाळा! आमच्या बोधपटातलं कासव आठवड्यात तयार झालं.”

ते कासव बाईंनी पाहिले होते. जेवणाआधी हात धुवावेत असे ते सांगे, आणि हात धुऊन झाले की पुन्हा तेच सांगे. प्राण्याला माणसासारखे बोलायला लावणे मंडळाला साधले होते. माणसासारखे फजीत होऊ देणे साधले नव्हते. उलट अस्वल दर खेपेस तोंडघशी पडे, अंग झटके आणि त्याच मूर्ख दिमाखात पुन्हा खारीच्या मागे लागे. शहाणपण बाईंनी ग्रंथालयांतून पोत्यांनी वाचले होते. इतकी निलाजरी आशा त्यांना फार थोड्या पानांवर भेटली होती.

पाहणी करणारे डॉक्टर बालमानसशास्त्राचे तज्ज्ञ होते. आपल्या अहवालाकडे ते नवजात बाळाकडे पाहावे तसे पाहत होते.

“डॉक्टर, मुलांना रिळं नीट दाखवलीत ना?” बाईंनी विचारले.

“म्हणजे काय! मोठ्या पडद्यावर, आवाजासकट. आम्ही पक्षपात नाही करत.”

“अस्वल सपाट झालं तेव्हा मुलं काय करत होती?”

“काहीच नाही. अहवालात स्पष्ट आहे. हास्य : निरंक.”

“एकही हसलं नाही?”

“हसणं सोडा मॅडम, कुणी खाकरलंसुद्धा नाही.”

मास्तरांचे हात टेबलावर होते. ते त्यांनी हळूच मांडीवर घेतले.

“जाऊ द्या बाई,” ते म्हणाले. “करा सही. हसू येतच नसेल, तर पोरांना गुदगुल्या करून का हसवणार आपण?”

“आजोबांना पटलं बघा,” संचालक म्हणाले. “तुमचंच तेवढं अडलंय.”

बाईंनी मास्तरांकडे पाहिले नाही. त्या मुलांचा विचार करत होत्या. कंटाळलेली मुले त्यांनी पुष्कळ पाहिली होती. ती खुर्च्या करकरवतात, शेजाऱ्याला चिमटे काढतात, एकाला तहान लागली की सगळ्यांना लागते. इतकी शांतता कंटाळ्याच्या आवाक्यातली नव्हे.

“बरं, करते सही.” त्यांनी पेनाचे टोपण काढले. “फक्त एक प्रश्न. त्याचं उत्तर इतिवृत्तात शब्दशः हवं, आणि खाली डॉक्टरांची सही.”

“अहो, एवढंच ना! घ्या हो लिहून,” संचालकांनी लेखनिकाला सांगितले. फुकटात दाखवता येणारा मोठेपणा त्यांना फार प्रिय होता.

“डॉक्टर, मी जन्मभर वर्गांवर शिकवलं. मला हे कधी जमलं नाही म्हणून विचारते. इतकी मुलं एका खोलीत, समोर कार्टून, आणि खाकरलंसुद्धा नाही कुणी. हे साधलंत कसं?”

डॉक्टर खुलले. त्यांच्या कार्यपद्धतीविषयी आजवर कुणी इतक्या आस्थेने विचारलेच नव्हते. ते बोलू लागले, लेखनिक लिहू लागला, आणि त्यांचे बोलणे संपायच्या आत बाईंनी टोपण पुन्हा पेनावर बसवले. मास्तरांचे हात केव्हाच टेबलावर परत आले होते.

ठराव बारगळला. रिळे तळघरातच राहिली. इतिवृत्तात डॉक्टरांचे उत्तर त्यांच्या वळणदार सहीसह असे आहे :

“त्यात अवघड काही नाही, मॅडम. पहिल्या तुकडीला आम्ही मोकळं सोडलं होतं, तर हसून हसून कार्टी खुर्च्यांवरून खाली यायला लागली. त्या गोंगाटात आमची माणसं नोंदी घेणार कशा? म्हणून ती तुकडी आम्ही रद्द धरली आणि पुढच्या प्रत्येक तुकडीला आधीच बजावलं, की जो हसेल त्याला बाहेर काढू.”