वेंडेलनं न हरवलेलं घड्याळ

धातू शोधणारा डिटेक्टर किंचाळला तसा वेंडेल हार्म्स गुडघ्यांवर बसून माती उकरू लागला. घडीच्या खुर्चीतून त्याचा थोरला भाऊ डेलमार ओरडला, "खिळा असेल!"

खिळाच होता.

"तू घरी का नाही बसलास?" वेंडेल म्हणाला.

"आणि तू बाजारातून जुनं घड्याळ आणून इथे पुरलंस, मग 'सापडलं, सापडलं' म्हणून नाचलास तर? कुणीतरी लक्ष ठेवायला नको?"

नेब्रास्काच्या त्या माळावर दोघांचा जन्म झाला होता. आजोबांनी बांधलेलं घर केव्हाच पाडलं गेलं होतं. उरली होती तळघराची खळगी आणि लायलॅकचं एक झुडूप. जमीन आता दुसऱ्याची होती. मका निघाल्यावर त्यानं या दोघांना दोन दिवस फिरू दिलं होतं. अशा मोडलेल्या घरांच्या जागी लोक जुनी नाणी शोधत येतात. वेंडेललाही सकाळी एक सापडलं होतं, शंभर वर्षांहून जुनं. ते त्यानं न पाहताच डेलमारच्या मांडीवर टाकलं. एकोणसत्तराव्या वर्षी त्यानं हे यंत्र घेतलं होतं ते एकाच वस्तूसाठी.

तो नऊ वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. एका रविवारी दुपारच्या जेवणाला आजोबांनी वेळ विचारली. त्यांनी आपलं साखळीचं घड्याळ मुलाला, म्हणजे या दोघांच्या बाबांना, दिलेलं होतं. बाबांनी खिसा चाचपला, ते लालबुंद झाले आणि म्हणाले, "पोरांना विचारा."

दोन दिवस पोरांची चौकशी चालली. मंगळवारी बाबांनी कमरेचा पट्टा काढला. पाचव्या फटक्याला वेंडेल ओरडला, "मीच घेतलं! ओढ्यात टाकलं!" फटके थांबले. तेवढ्यासाठीच तो तसं बोलला होता. पण बारा वर्षांच्या डेलमारला तीन आठवडे ओढ्याचा गाळ उपसायला लावलं गेलं. त्याच्या पोटऱ्यांना जळवा लागल्या. घड्याळ काही मिळालं नाही.

तेव्हापासून घरात कुणाची किल्ली हरवो की चष्मा, डेलमार विचारायचा, "वेंडेल आला होता का?" वेंडेलच्या लग्नात अंगठी खिशातून लवकर निघेना, तेव्हाही त्यानं भर चर्चमध्ये तेच विचारलं होतं. मी खोटंच कबूल केलं होतं, असं वेंडेल साठ वर्षं सांगत आला. कुणी ऐकलं नाही.

दुपारी लायलॅकपासून बरंच लांब, एका खोलगट जागी, यंत्र वेगळ्याच सुरात वाजलं.

"तिथे नको!" डेलमार खुर्चीतून अर्धा उठला. "तिथे आपला खड्ड्याचा संडास होता."

"साठ वर्षांपूर्वी होता. आता माती आहे."

"तरी पण कुणाची माती आहे ते तुला माहीत आहे!"

वेंडेल खणत राहिला. गुडघाभर खाली एक पितळी चिमटा लागला. चिमट्याला साखळी होती. साखळीला घड्याळ. अंगठ्यानं पुसल्यावर झाकणावर आजोबांच्या नावाची अक्षरं दिसली.

डेलमार धावत आला. "म्हणजे ओढ्यात नाही, इथे टाकलंस तू!"

वेंडेलनं फक्त चिमटा वर धरला. पँट खांद्यांवरून धरून ठेवणाऱ्या गॅलिसचा चिमटा होता तो. घरात गॅलिस एकच माणूस घालायचा.

डेलमारनं वाकून चिमटा न्याहाळला. मग हळूच म्हणाला, "त्या रविवारी चर्चमध्ये बाबा भजनाला उभे राहिले ना, तेव्हा एक हात कमरेवरून काढला नव्हता त्यांनी. चारही भजनं. पाद्री म्हणाला होता, हार्म्स आज फार भारावलेत."

"आणि सोमवारी गावातून नवा पट्टा आणला," वेंडेल म्हणाला. "मंगळवारी त्याचं उद्घाटन माझ्यावर झालं."

बाबा चर्चचे कारभारी होते. 'संडास' हा शब्दही त्यांनी जन्मात उच्चारला नव्हता. 'मागे जाऊन येतो' म्हणायचे.

डेलमारनं थर्मास उघडला. कप एकच आणला होता. तो त्यानं काठोकाठ भरून भावापुढे धरला.

"ओढ्यात जळवा होत्या रे," तो म्हणाला.

"माहीत आहे. मला वाईट वाटायचं."

"मलाही वाटायचं." डेलमारनं थर्मासचं झाकण लावलं. "नाही, खोटं कशाला बोलू. मला आत्ता वाटतंय."

वेंडेलनं अर्धी कॉफी पिऊन कप परत दिला. दोघं खड्ड्याच्या काठावर बसून हसायला लागले. डेलमारला इतकं हसू आलं की कॉफी नाकात गेली.

गाडीत बसल्यावर मात्र तो गंभीर झाला. "आईला कळता कामा नये. चौऱ्याण्णव वर्षांची आहे. बाबांना देवमाणूस समजते ती."

"लायलॅकखाली सापडलं म्हणू."

"हां. लायलॅकखाली."

वृद्धाश्रमात आई डॉमिनो खेळत बसली होती, आणि जिंकत होती. डेलमारनं रुमालाची घडी तिच्यापुढे उलगडली.

"आई, बघ. आजोबांचं घड्याळ. लायलॅकखाली होतं गं, इतकी वर्षं."

आईनं चष्मा लावला. तिचे डोळे भरून आले. तिनं घड्याळाकडे हात नेला, आणि चटकन मागे घेतला.

"साबणानं धुतलंत ना रे?"