तेराव्यासाठी फोटो

"वहिनी, आधार कार्डावरचा मोठा केला की धुरकट होतोय. चेहरा नीट दिसेल असा दुसरा द्या," फ्रेमवाला म्हणाला. उद्या माईंचं, शलाकाच्या सासूबाईंचं, तेरावं होतं. ती पुन्हा फोन चाळू लागली.

चार वर्षांपूर्वी तिने ‘शलाकाचं स्वयंपाकघर’ हा ब्लॉग सुरू केला, तेव्हा तिला साधं वरणही जमत नव्हतं. रांधायच्या माई. फोटोत त्यांचे फक्त हात यायचे आणि हातांवरच्या सुरकुत्या शलाका फिल्टरने घालवायची. लोक लिहायचे, ‘ताई, काय चव असेल तुमच्या हाताला!’

एकदा माई ठेवणीतली इरकल नेसून ओट्यापाशी आल्या. "आज माझाही एक काढ गं."

"माई, ब्लॉगला चेहरा एकच लागतो."

"बरं," म्हणत माईंनी पदर खोचला आणि पुरणपोळ्या लाटायला घेतल्या.

त्या दिवसाचे फोटो सापडले. इरकलीचा काठ, लाटणं आणि मनगटापर्यंतचे हात.

फ्रेमवाल्याने फोनमध्ये डोकावून पाहिलं. "हे तुमचेच हात ना? आमच्या घरी रोज बघतात तुमचं."

"हो," शलाका सवयीने म्हणाली.