शंभरातले तेवीस

"लोकशाहीत माणूस जन्मापासून मरेपर्यंत स्वतंत्र असतो," असं मिस्टर साइक्स यांनी फळ्यापाशी उभं राहून जाहीर केलं आणि चार वाजेपर्यंत कुणीही वर्गाबाहेर जायचं नाही, अशी पुस्ती जोडली.

वर्गात तेरा मुलं होती. मागच्या रंगकामापासून खिडकी चौकटीला चिकटून बसली होती. मे महिना लागल्याचं हीटरला कुणी कळवलं नव्हतं. राज्यशास्त्राचा पेपर तीन आठवड्यांवर आला होता आणि निवडणूक सुधारणेवर हमखास प्रश्न येतो, म्हणून आज त्यावर वादविवाद होता.

टॅम्सिन होल्रॉइड बदलाच्या बाजूने बोलणार होती. तिला एडिंबरा विद्यापीठात जागा मिळाली होती. अट एकच, या विषयात 'ए'. हॅदरक्लफ गाव सोडायचं तिने आठव्या वर्षीच ठरवलं होतं. शाळेची बस चढावर बंद पडली होती आणि अख्खं गाव मदत करायच्या नावाखाली बघायला जमलं होतं, त्या दिवशी. आता सप्टेंबर दिसू लागला होता.

बॅगेत फोन थरथरला. वेरा एंट्विसल, आजीची मैत्रीण आणि एका छोट्या पक्षाची जुनी कार्यकर्ती. मार्चमध्ये ही बाई लिंबाचा केक घेऊन घरी आली आणि जी गळ्यात पडली ती पडलीच.

'मंगळवारी सात वाजता. जीन्स नको. आजारी पडायचं नाही.'

टॅम्सिनने फोन पालथा ठेवला आणि उठली.

"ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकला, ही आपली पद्धत," ती म्हणाली. "ऐकायला बरी वाटते. पण गेल्या गुरुवारी इथे नगरपालिकेच्या निवडणुकीत काय झालं? मिल बँक वॉर्डात पाच उमेदवार होते. मतं फुटली. जिंकणाऱ्याला किती मिळाली? शंभरातली तेवीस! म्हणजे सत्त्याहत्तर लोकांना तो नको होता."

"मिल बँक? मी तिथेच राहतो," मिस्टर साइक्स म्हणाले.

"मग तुम्ही कुणाला मत दिलंत, सर?" डेक्लनने विचारलं. तो विरुद्ध बाजूचा.

"गुप्त मतदान, डेक्लन. धडा चौथा."

बाकी वर्गाला मिल बँकचा निकाल ठाऊक नव्हता. अठरा पूर्ण झालेल्या पाच-सहा जणांना मत देता आलं असतं, पण राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पेपरापायी वेळ कुठला?

"आणि ऐका," टॅम्सिन म्हणाली. "त्या उमेदवाराने एक दार वाजवलं नाही. एक पत्रक वाटलं नाही. पक्षाचं नाव मतपत्रिकेवर दिसावं म्हणून कुणाला तरी उभं करतात ना, तसलं. निवडून यायचं नाही, एवढ्याच बोलीवर उभं राहिलेलं माणूस!"

"तुला काय माहीत?" डेक्लनने विचारलं.

"माहीत आहे."

"अगं, पण एवढी का तापलीयस?"

"हीटर तापलाय."

वर्ग हसला. डेक्लन उठला. त्याला घाम येत नव्हता. असल्या मुलांना येत नाही.

"पद्धत बदलली, तर एका वॉर्डाला पाच-पाच जण मिळतील," तो म्हणाला. "प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. आज कसं, एक वॉर्ड, एक माणूस. कुणाची मान धरायची ते लोकांना पक्कं ठाऊक."

"त्या माणसाला मान नाही का?"

"निवडून आल्यावर नाही."

"मग त्याने राजीनामा द्यावा."

"का म्हणून? आणि दिला तर पुन्हा निवडणूक. खर्च गावाच्या डोक्यावर. गाव त्याच्या आजीलासुद्धा सुखाने चहा पिऊ देणार नाही. चार वर्षं, बाईसाहेब. बसला तो बसला."

यातून वाट टॅम्सिनने अख्खा शनिवार-रविवार शोधली होती. तिने खिडकी ढकलून पाहिली. खिडकी जागची हलली नाही.

"चिडून गुण मिळत नाहीत, टॅम्सिन," मिस्टर साइक्स म्हणाले. "चला, मतदान. हात वर करा."

पर्याय तीन होते. आहे ती पद्धत ठेवा: पाच हात. पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा द्या: चार. उमेदवारांना पसंतीक्रम द्या: चार. म्हणजे आठ जणांना बदल हवा होता, पाच जणांना नको होता. पाच जण जिंकले. डेक्लनने वाकून अभिवादन केलं आणि यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

चार वाजले. तेरा खुर्च्या एकदम करकरल्या.

"टॅम्सिन, तू थांब."

डेक्लन जाता जाता कुजबुजला, "एडिंबराला पत्र लिही गं अधूनमधून." मग दार लोटलं गेलं आणि आत दोघंच उरली.

मिस्टर साइक्स फळा पुसत राहिले. स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिले.

"हरलीस, पण मांडणी उत्तम होती," ते अखेर म्हणाले. "उदाहरण अगदी आतलं, आकडे चोख. पेपरात एवढंच लिही, फक्त आरडाओरडा वगळून. 'ए' कुठे जात नाही."

"खरंच, सर?"

"खरंच. एडिंबराचं तिकीट काढायला हरकत नाही."

टॅम्सिनने गुरुवारनंतर पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला. बॅग खांद्याला लावली आणि दाराकडे निघाली. मिस्टर साइक्स तिच्याआधी दारापाशी पोचले, टाय सारखा केला आणि घसा खाकरला.

"आणि नगरसेविकाबाई," ते अदबीने म्हणाले, "आमच्या गल्लीतला कचरा पंधरा दिवस उचललेला नाही. तेवढं जरा बघता का?"