दोन एमबीचं दार

व्हिडिओ शेवटपर्यंत अपलोड झाला नाही. हे आधीच सांगायला नको होतं. तर आपण काही बोललोच नाही असं धरू आणि शुक्रवारी सकाळी दहाला येऊ.

शुक्रवारी सकाळी दहाला व्हिडिओ अपलोड होणारच होता. नववा दिवस होता. व्हिडिओ सव्वा जीबीचा आणि वेबसाइट स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर. म्हणजे एका सर्व्हरवर चारशे बिऱ्हाडं, आणि एका वेळी दोन एमबीपेक्षा मोठं काही आत न्यायचं नाही. म्हणून त्याने व्हिडिओचे सहाशे ऐंशी तुकडे केले होते. दिवसाला ऐंशी तुकडे झाले की खातं दुसऱ्या सकाळपर्यंत बंद पडायचं. आज शेवटचे चाळीस उरले होते.

व्हिडिओ कशाचा आणि कुणासाठी आहे हे त्याला माहीत नव्हतं. एवढी फाइल उघडायला घेतली की त्याचा जुना लॅपटॉप मिक्सरसारखा ओरडायचा. शिवाय काम देणारा एजन्सीतला माणूस, ज्याला सगळे मुकादम म्हणत, त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तुला बघायला नाही, चढवायला ठेवलाय." फाइलचं नाव होतं ‘फायनल फायनल तीन’.

स्वयंपाकघराच्या चौकटीत मुलगी उभी होती. पाच वाजता शाळेत तिचं नाटक होतं आणि नाटकात तिला दाराचं काम मिळालं होतं.

"कोण आहे?" दार म्हणालं.

"बाबा."

"काय काम आहे?"

"चहा."

"आत या." दाराने एक हात बाजूला घेतला.

"गेल्या वर्षी ती दगड होती," बायको कप पुढे सरकवत म्हणाली. "तेव्हाही तू येतो येतो म्हणाला होतास."

"दगडाला कुठे संवाद होते?"

"दगड तुला शोधत होता. मान वळवली म्हणून बाई ओरडल्या त्याला."

तो चहा घेऊन टेबलाशी गेला. मुकादमाने बजावलं होतं, पाचला व्हिडिओ दिसला पाहिजे, तोवर जागचं हलायचं नाही. चारपर्यंत उरकलं तर दार बघायला मिळणार होतं.

आजचा अठ्ठाविसावा तुकडा अडकला. त्याने होस्टिंग कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला.

"मॅडम, मीच."

"ओळखलं, सर. आज आवाज बसलाय तुमचा."

"ती मर्यादा वाढवा ना. तासाभरासाठी. मुलीचं नाटक आहे हो माझ्या."

"सर, नियम सगळ्यांना सारखा. आमच्या कंपनीची स्वतःची पानंसुद्धा त्याच सर्व्हरवर आहेत. दोन एमबी म्हणजे दोन एमबी. साहेबांचा फोटो आम्ही खांद्यापर्यंत कापलाय."

"मग लोक मोठ्या फाइली चढवतात कशा?"

"ते सगळं मदतीच्या पानावर आहे, सर."

"मदतीच्या पानावर ‘लवकरच येत आहे’ एवढंच आहे."

"हो, ते यायचंय." पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "ते काम बाहेर दिलंय. ज्याला दिलंय, त्याला जमत नाहीये म्हणतात."

"असली माणसं शोधता कुठून, मॅडम?"

"काय सांगू, सर," ती थकून म्हणाली, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदाच दोघं एकत्र हसले.

साडेतीनला सहाशे ऐंशीवा तुकडा चढला. आता सगळे जोडायचे. त्याने बटण दाबलं. तीस सेकंदांपेक्षा जास्त चालणारं काम सर्व्हर मधेच तोडायचा. त्याने ते तोडलं. दुसऱ्यांदाही तोडलं. सातव्यांदा तोडलं तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती आणि बायको मुलीला पुठ्ठ्याची कडी बांधत होती.

"तू येणारेस ना, बाबा?"

"दाराने असं विचारायचं नसतं."

"कोण आहे, एवढं विचारायचं असतं," ती म्हणाली. "पण मला माहितीये कोण आहे."

दोघी पुढे गेल्या.

मूळ फाइलच शेवटाकडे बिघडलेली असेल, असं त्याला वाटलं. त्याने ती पहिल्यांदाच उघडली. लॅपटॉप चार मिनिटं ओरडला. त्याने व्हिडिओ शेवटाला ओढला आणि उरलेले वीस सेकंद पाहिले. मग पुन्हा पाहिले. मग एकदम पहिल्यापासून लावून नावाची पाटी वाचली. फाइल अगदी धडधाकट होती.

मुकादमाचा फोन वाजत होता. त्याने लॅपटॉप मिटला, दोरीवरचा अर्धा ओला शर्ट अंगात घातला आणि निघाला.

तो तिसऱ्या रांगेत बसेपर्यंत राजपुत्र दाराकडे चालू लागला होता. दाराने प्रेक्षकांवरून नजर फिरवली. ती तिसऱ्या रांगेत थांबली.

"आत या!" दार ओरडलं आणि दोन्ही हात उघडले. राजपुत्राने अजून टकटक केली नव्हती. तो बिचारा तसाच आत गेला.

टाळ्या चालू असतानाच त्याने मोबाइलवर होस्टिंग कंपनीचा तक्रार अर्ज उघडला आणि दोन अंगठ्यांनी लिहिलं:

"विषय: दोन एमबीची मर्यादा उठवण्याबाबत. महोदय, आपल्या मदतीच्या पानासाठी आपणच बनवलेला ‘मोठी फाइल अपलोड कशी करावी: अगदी सोपी पद्धत’ हा व्हिडिओ गेले नऊ दिवस आपल्याच सर्व्हरवर चढवू न शकलेला माणूस मीच. व्हिडिओच्या शेवटी आपल्या फोनवरच्या मॅडम ‘बघितलंत, झालंसुद्धा!’ असं म्हणतात, तो भाग विशेष आवडला. तरी सदर मर्यादा तात्काळ उठवावी. ते शक्य नसल्यास आपल्या सर्व्हरच्या दारावर खालील उमेदवाराची कायमस्वरूपी नेमणूक व्हावी, ही नम्र विनंती. वय: सात. पूर्वानुभव: एक वर्ष, दगड."