पळसाचा माणूस

"गोविंदा, पुढच्या खेपेस दोघी आहेत हो," श्रीपाद म्हणाला, आणि आपण फार मोठ्याने बोललो की काय म्हणून त्याने घसा खाकरला.

मागील दारी पाटावर बसलेल्या त्याच्या आईच्या, रंगूबाईच्या डोक्यावर गोविंदा न्हाव्याचा वस्तरा थांबला. अर्धं डोकं झालं होतं, अर्ध्यावर अजून पांढरे खुंट होते. गोविंदाने वस्तरा वाटीतल्या पाण्यात बुडवला. मग उगीच पुन्हा बुडवला.

विहिरीपाशी सून, उत्तरा, अळूचे देठ सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. मानेवरचा तिचा अंबाडा मुठीत मावला नसता. दोन्ही पुरुषांनी तिकडे पाहायचं टाळलं.

"आई, मला तरी हौस आहे का?" श्रीपाद म्हणाला. ठाण्याच्या कचेरीतून रजा काढून तो कल्याणला आला होता. "दादा घरातून गेल्याला बारा वर्षं झाली. ना पत्ता, ना निरोप. शास्त्रीबोवा म्हणतात, शास्त्राने सांगितली तेवढी वाट पाहून झाली. आता पळसाच्या पानांचा माणूस करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. दादा सुटेल. वहिनीही सुटतील."

"सुटतील," रंगूबाई म्हणाली. ती स्वतः सुटून वीस वर्षं झाली होती.

परसाच्या टोकाला गडी काळुराम कुदळीने अळू उपटत होता. तेराव्याच्या स्वयंपाकाची चूल तिथे मांडायची होती.

"ते अळू राहू दे रे," रंगूबाई सकाळपासून कितव्यांदा तरी म्हणाली. "सगळं सांडपाणी तिकडे मुरतं. चूल पेटायची नाही."

"पेटेल," श्रीपाद म्हणाला.

काळुराम वाकला. चिखलातून काहीतरी उचलून त्याने धोतराला पुसलं. "धनी, हे बघा काय गावलंय."

श्रीपादने ते न्हाव्याच्याच वाटीत विसळलं. पोवळ्याची अंगठी होती. पोवळ्याचा एका कडेचा टवका उडालेला. तो कसा उडाला ते श्रीपादला पाठ होतं. लहानपणी अंगठी आपटली होती त्याने, आणि मार खाल्ला होता दादाने.

"ही दादाची," तो म्हणाला. "गेला तेव्हा बोटात होती. आई, ही आपल्या अळूत कशी?"

मुलगा गेला त्याच पावसाळ्यात शहाडच्या तरीवरचा नावाडी ती अंगठी रंगूबाईकडे घेऊन आला होता. नदीतून काय निघालं, ते कुठे मातीआड केलं, तेही त्याने सांगितलं होतं. रंगूबाईने त्याला पोटभर जेवू घातलं, कुठे बोलू नकोस म्हणून हात जोडले, आणि दुपारी सून निजलेली पाहून अंगठी अळूत पुरली. शास्त्रबिस्त्र तिला सुचलं नव्हतं. या पोरीचं डोकं गोविंदापुढे द्यायचं नाही, एवढंच सुचलं होतं.

आता पुढचं काही सुचायला हवं होतं आणि सुचत नव्हतं. वय झालं की खोटंही दमतं.

"इकडून येणं झालं होतं," उत्तरा म्हणाली.

"कोण? दादा?"

"गेल्या श्रावणात. सासूबाई कीर्तनाला गेल्या होत्या. अंगठी माझ्या हातात दिली आणि कुणाला सांगू नको म्हणून बजावलं. घरात ठेवली असती तर दिसली असती कुणाला. म्हणून पुरली."

"आणि मग कुठे गेला? असतो कुठे?"

"कुठे निघालात म्हणून नवऱ्याला विचारायची या घरात रीत नाही, भाऊजी."

श्रीपादने आणखी काही विचारायला तोंड उघडलं. पण इतक्या वर्षांनी नवरा भेटला तेव्हा आणखी काय बोलणं झालं, हे थोरल्या वहिनीला न्हाव्यादेखत कसं विचारायचं? त्याने तोंड मिटलं.

रंगूबाई सुनेच्या हातांकडे पाहत होती. देठ सोलून बोटं लाल झाली होती. इतक्या वर्षांत घरात अळू आलं ते हिच्याच हाताने. 'तुम्ही वाकू नका, मी आणते.' पानं खुडली, देठ कापले, पण कंद काही एकदाही खणला नाही. रंगूबाईला वाटायचं, सासूच्या कमरेची काळजी आहे हिला.

म्हणजे त्या दुपारी ही निजली नव्हती.

"आई, तुला यातलं काही ठाऊक होतं?" श्रीपादने विचारलं.

रंगूबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने सुनेला विचारलं, "जेवून गेला, की तसाच?"

उत्तराचे हात थांबले. "तसेच," ती म्हणाली. "मी थांबवत होते."

"लहानपणापासून असलाच. पानं मांडली की हा निघाला कुठेतरी." रंगूबाईने आलवणाचा पदर डोळ्यांना लावलं.

"लागला का वस्तरा?" गोविंदाने विचारलं.

"नाही रे बाबा."

श्रीपादने अंगठी वहिनीच्या पुढ्यात, सोललेल्या देठांवर ठेवली. "निरोप आला म्हणजे मोजणी नव्याने," तो म्हणाला. "श्रावणापासून पुन्हा बारा वर्षं. शास्त्रीबोवांना सांगून येतो." पगडी हातातच घेऊन तो गेला.

काळुराम कुदळ टेकवून उभा होता. "मग या अळूचं काय करू?"

"परत लाव," दोघी एकदम म्हणाल्या, आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

रंगूबाईने आलवण मागे सारून डोकं पुढे केलं. "उरक गोविंदा," ती म्हणाली. "एकीचंच तर आहे."