खांबावरचं नाक

बोंबील सुकवायचे दिवस आले की कोळीवाड्यातल्या बायका सकाळीच खांबावरच्या यंत्रावर ओलं गोणपाट टाकत. त्या यंत्राला सगळे नाकच म्हणत. धूर वाढला की ते धक्क्याला लागलेल्या जहाजाचं इंजिन आपोआप बंद करी. पण त्याचबरोबर भोंगा वाजवून वाड्यातल्या सगळ्यांना घरात कोंडी, आणि बांबूच्या वलांडीवर टांगलेली मासळी कावळ्यांच्या तोंडी जाई. गोणपाटाची युक्ती चांगुणाचीच.

आज भर दुपारी तिचा नवरा पोशा वलांडीखालीच मटकन बसला. ओठ निळे पडले, छाती भात्यासारखी हलू लागली. समोर जहाज काळा धूर ओकत उभं होतं.

चांगुणाने धावत जाऊन गोणपाट ओढून काढलं.

"घे वास आता! बंद कर ते इंजिन!"

यंत्राचा दिवा लाल झाला, आणि लगेच पुन्हा हिरवा.

"तीन वर्षांच्या नोंदींनुसार या दिवसांत इथली हवा स्वच्छ असते," यंत्र शांतपणे म्हणालं. "आताचं मोजमाप चुकीचं धरून रद्द केलं आहे. दुरुस्तीसाठी माणूस सोमवारी येईल."

"अरे मेल्या, खोटं होतं ते तेव्हाचं! खरं हे आहे, आत्ताचं! आम्हीच झाकत होतो रे तुला!" ती खांबावर मुठी आपटत राहिली.

दिवा हिरवाच राहिला. मागे पोशा घरघरला. चांगुणा वळून धावली, आणि हातातलं तेच ओलं गोणपाट तिने त्याच्या नाकावर धरलं.